एक्स्ट्रॅक्टऑल: पायथनमधल्या एका ओळीचं अठरा वर्षांचं प्रकरण

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, उघडायला दोन ओळी पुरतात. पहिलीत टारफाइल मॉड्यूलचं ओपन, दुसरीत एक्स्ट्रॅक्टऑल, आणि कंसात फार तर कुठल्या फोल्डरात टाकायचं तो पाथ. ओळ इतकी साधी दिसते की कोड तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून तशीच पुढे सरकते. या ओळीत भोक आहे हे ऑगस्ट २००७ मध्ये नोंदवलं गेलं. सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत त्याला सीव्हीई-२००७-४५५९ हा क्रमांकही मिळाला. ते भोक डिफॉल्टमध्ये, म्हणजे वेगळं काही न सांगता होणाऱ्या वागण्यात, बुजलं ऑक्टोबर २०२५ मध्ये, पायथन ३.१४ बरोबर.

मधली अठरा वर्षं कोणी झोपा काढत होतं म्हणून गेली, असं हे प्रकरण वरवर वाचणाऱ्याला वाटतं. तसं नव्हतं. २००७ साली जे उत्तर दिलं गेलं ते तर्काला धरून होतं, आणि माझ्या मते तरीही चुकीचं होतं. ते का, हे समजायला आधी टार फाइलच्या पोटात डोकवावं लागतं.

टार हा प्रकार १९७९ च्या युनिक्स आवृत्ती ७ मधला, चुंबकीय टेपसाठी बनवलेला. त्यात सुरुवातीला किंवा शेवटी अनुक्रमणिका नसते. ५१२ बाइटचं एक हेडर, मग त्या फाइलचा मजकूर, तोही ५१२ च्या पटीत भरून काढलेला, मग पुढचं हेडर, पुढचा मजकूर, आणि शेवटी शून्यांचे दोन ठोकळे. हेडरमध्ये पहिले १०० बाइट नावाचे. मग परवानग्या, मालकाचा आणि गटाचा क्रमांक, आकार, वेळ, चेकसम. आकडे चक्क ऑक्टलमध्ये, अक्षरं म्हणून लिहिलेले. त्यानंतर एका बाइटचा प्रकार: साधी फाइल असेल तर ०, हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) १, सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद) २, डिव्हाइस फाइल ३ किंवा ४, फोल्डर ५, पाइप ६. त्याच्या मागे आणखी १०० बाइट, लिंक असेल तर ती कुठे जाते ते लिहायला.

यातला नावाचा रकाना आपल्याकडच्या लोकांना एका वेगळ्या कारणाने माहीत असायला हवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे १०० बाइटमध्ये जेमतेम ३३ चिन्हं. ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्ती’ अशा नावाची फाइल फोल्डरसकट त्यात बसतच नाही. मग हेडरच्या आधी एक जादा हेडर येतं आणि खरं नाव त्यात असतं, पायथन ३.८ पासून हे पॅक्स या टारच्या विस्तारित पद्धतीने होतं. मुद्दा असा की पहिल्या १०० बाइटमध्ये दिसतं तेच नाव खरं, असं टारमध्ये कधीच गृहीत धरता येत नाही. स्वतः बाइट वाचून नाव तपासायच्या फंदात पडू नये, ते लायब्ररीलाच वाचू द्यावं.

आता नावाच्या त्या रकान्यात काय लिहायचं यावर फॉरमॅटची बंदी नाही. ‘अहवाल/मार्च.सीएसव्ही’ चालतं, तसं ‘../../मार्च.सीएसव्ही’ही चालतं (‘..’ म्हणजे एक फोल्डर वर), आणि थेट रूटपासून, म्हणजे सगळ्यांत वरच्या फोल्डरपासून, सुरू होणारा ‘/’वाला पाथही चालतो. बॅकअप घेणाऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. यंत्रणा कोसळली, टेप लावली, प्रत्येक फाइल जिथल्या तिथे परत आली पाहिजे, मालकासकट आणि परवानग्यांसकट. टारचं काम तेच होतं. प्रश्न येतो तो टेप स्वतःची नसून कोणीतरी पाठवलेली असेल तेव्हा. घर हलवताना मजुरांनी खोक्यावरच्या चिठ्ठीत लिहिलंय तिथेच खोकं ठेवावं हे योग्य. पण चिठ्ठीवर ‘शेजाऱ्याच्या तिजोरीत, आधीचं काढून’ असं लिहिलेलं असेल आणि मजूर तेही निमूट करत असतील, तर चिठ्ठी कोणी लिहिली हे विचारायलाच हवं.

पायथनचं टारफाइल मॉड्यूल आवृत्ती २.३ बरोबर २००३ मध्ये आलं. एक्स्ट्रॅक्टऑल त्यात नंतर आलं, २००६ च्या २.५ मध्ये. आत काय होत होतं? तुम्ही दिलेला फोल्डर आणि हेडरमधलं नाव हे दोन्ही पाथ जोडायच्या नेहमीच्या फंक्शनला, म्हणजे ओएस-डॉट-पाथ-डॉट-जॉइनला दिले जायचे, आणि जे उत्तर येईल तिथे फाइल लिहिली जायची. या जॉइनचा एक स्वभाव अनेकांना ठाऊक नसतो. दुसरा तुकडा ‘/’ने सुरू होत असेल तर ते पहिला तुकडा सरळ टाकून देतं. ‘/काम/आवक’ आणि ‘/घर/चावी’ जोडलं तर उत्तर ‘/काम/आवक/घर/चावी’ येत नाही, ‘/घर/चावी’ येतं. म्हणजे तुम्ही मोठ्या काळजीने वेगळा फोल्डर बनवून दिला असला, तरी टार बनवणाऱ्याने मनात आणलं तर त्या फोल्डरला काडीची किंमत नाही. आणि दोन टिंबांचा मार्ग आहेच: ‘../’ पुरेशा वेळा लिहिलं की कुठूनही रूटपर्यंत चढता येतं.

ऑगस्ट २००७ मध्ये हे पायथनच्या विकासकांपुढे मांडलं गेलं. मॉड्यूल सांभाळणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: टारफाइल काहीही चुकीचं करत नाही, त्याचं वागणं पॉझिक्स या युनिक्ससारख्या यंत्रणांच्या मानकाच्या नियमांना धरून आहे, प्रत्यक्षात गैरवापर होईल असं दिसत नाही, दस्तऐवजात एक इशारा टाकू. इशारा टाकला गेला: परक्याकडून आलेली आर्काइव्ह आधी तपासल्याशिवाय एक्स्ट्रॅक्ट करू नका, ‘/’ने सुरू होणारी किंवा ‘..’ असलेली नावं असू शकतात. नोंद बंद.

पॉझिक्सचा मुद्दा खराच होता. पण एक गोष्ट तेव्हाही समोर होती. ग्नू टार या कमांडला हाच आजार आधी होऊन गेला होता, त्याबद्दल २००१ आणि २००२ चे सीव्हीई क्रमांक आहेत, आणि तिथे औषधही झालं होतं. आजही टर्मिनलवर टार वापरताना ‘नावातला सुरुवातीचा / काढून टाकतोय’ अशा अर्थाचा संदेश दिसतो तो याच काळजीचा भाग. कोणाला खरोखरच जसाच्या तसा पाथ हवा असेल तर मोठ्या पीचा पर्याय द्यायचा. म्हणजे नियमाशी इमान राखून डिफॉल्ट सुरक्षित ठेवता येतो, हे टारच्याच जगात सिद्ध झालेलं होतं. पायथनने फक्त कमांड चालवणाऱ्या सिस्टिम ॲडमिनच्या हातातलं अवजार घेतलं आणि ते अशा लाखो लोकांच्या हातात दिलं ज्यांनी टेप कधी पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी एक्स्ट्रॅक्टऑल म्हणजे ‘या फोल्डरात सगळं काढ’. आणि तो इशारा? तो फंक्शनच्या पानावर राहिला. लोक उत्तर शोधतात, दोन ओळी उचलतात, पान उघडतच नाहीत.

त्याच लायब्ररीत झिपफाइल नावाचं भावंड आहे, आणि त्याची गोष्ट फार लवकर मार्गी लागली. एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या २.७.४ आणि ३.३.१ पासून झिपचं एक्स्ट्रॅक्ट नावातला सुरुवातीचा ‘/’, विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर आणि ‘..’चे तुकडे स्वतःच काढून टाकतं. फारशी चर्चा न होता काम झालं. पुढे २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ नावाने हाच दोष जावा आणि इतर भाषांमधल्या पुष्कळ लायब्ररींत सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा पायथनचं झिपफाइल त्यातून बरंचसं सुटलेलं होतं.

झिपला जमलं ते टारला का नाही? इथे प्रकरणाची खरी गाठ आहे. पायथनचं झिपफाइल सिमलिंक बनवतच नाही. झिपमध्ये लिंक साठवलेली असली तरी ती साधी फाइल म्हणून बाहेर येते आणि तिच्यात लिंकचं लक्ष्य मजकूर म्हणून पडलेलं असतं. त्यामुळे तिथे नावाची अक्षरं साफ केली की काम भागतं. टारमध्ये लिंक खरोखरच्या बनतात.

हे जवळून पाहू. एक टार फाइल घ्या, तिच्यात दोनच नोंदी. पहिलीचं नाव ‘चित्रे’, प्रकार २, म्हणजे सिमलिंक, आणि लक्ष्याच्या रकान्यात ‘/घर/सर्व्हर/गुप्त’. दुसरीचं नाव ‘चित्रे/चावी’, प्रकार ०, साधी फाइल, मजकूर हल्लेखोराला हवा तो. दोन्ही नावं वाचून पाहा. कुठे ‘..’ नाही, सुरुवातीला ‘/’ नाही. तुमची तपासणी दोघींनाही पास करते. मग एक्स्ट्रॅक्टऑल पहिली नोंद घेतं आणि डिस्कवर ‘चित्रे’ नावाची लिंक तयार होते. दुसरी नोंद घेतं, ‘चित्रे’च्या आत ‘चावी’ लिहायला जातं, ऑपरेटिंग सिस्टिम निमूट लिंकमागे जाते आणि फाइल पडते गुप्त फोल्डरात. दोन्ही नोंदी एकेकट्या पाहिल्या तर आक्षेप घ्यावा असं नावात काही नाही. घात क्रमात आहे.

आणि म्हणूनच ‘आधी सगळी नावं तपासू, मग एकदम काढू’ हा घरगुती उपाय टारला लागू पडत नाही. तपासणीच्या वेळी ‘चित्रे’ ही लिंक डिस्कवर नसतेच. पाथ अगदी खऱ्या जागेपर्यंत सोडवून पाहणारं रिअलपाथ वापरलं तरी त्याला तिथे काही दिसत नाही. तपासणी प्रत्येक नोंद लिहिण्याच्या क्षणी, त्या वेळच्या डिस्कवर व्हावी लागते, आणि लिंक बनवतानाच तिचं लक्ष्य पारखावं लागतं. बाहेरून वापरणाऱ्याला हे नीट करता येणं अवघड. ते लायब्ररीच्या आतच व्हायला हवं. ‘तपासून मग काढा’ असा इशारा देताना तपासायचं कसं हे सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर दोन परिच्छेदांत मावलंही नसतं.

२०१४ मध्ये हा विषय पायथनच्या नोंदींत पुन्हा वर आला, टारफाइलची वेगळी सुरक्षित आवृत्ती देण्याचा पॅचही मांडला गेला. तो मुख्य कोडमध्ये कधी गेला नाही. मला तरी यात नवल वाटत नाही: ‘सुरक्षित’ नावाचा वेगळा दरवाजा काढला की जुना दरवाजा उघडाच राहतो आणि लोक सवयीने जुन्यातूनच जातात.

मग आलं २०२२. ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीतले संशोधक कासिमिर शुल्झ भलत्याच एका दोषाच्या मागावर असताना त्यांना हे सापडलं, आणि आधी त्यांना वाटलं की आपण नवंकोरं भोक शोधलंय. शोधल्यावर कळलं की याला पंधरा वर्षं झाली आहेत. २१ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी अहवाल दिला. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टारफाइल वापरणाऱ्या प्रकल्पांचा नमुना हाताने तपासला तर सुमारे ६१ टक्क्यांत ही ओळ असुरक्षित होती. त्यावरून अंदाज निघाला साडेतीन लाखांहून जास्त सार्वजनिक प्रकल्पांचा. घातक टार बनवायला त्यांना पायथनच्याच सहा ओळी पुरल्या: टारमध्ये फाइल घालताना तिच्या नावाआधी ‘../’ चिकटवायचं, बस. स्पायडर या शास्त्रज्ञांमध्ये लोकप्रिय असलेल्या एडिटरवर त्यांनी प्रात्यक्षिकही केलं. तिथे डेटा साठवायची फाइल ही आतून टारच असते. ती आयात केली की हल्लेखोराची फाइल भलतीकडे पडते.

अहवालातली एक टिप्पणी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटली. कोड सुचवणारी एआय साधनं याच सार्वजनिक कोडवर शिकतात, त्यामुळे ती हीच दोन ओळींची सवय नव्या माणसाला शिकवतात. आपण इशाऱ्याचं पान उघडत नाही एवढंच आता राहिलेलं नाही, पान न उघडलेल्यांचा कोड आपल्यासमोर आपोआप टाइप होतो.

ट्रेलिक्सने पुढे मोठी मोहीम काढली आणि ६१ हजारांहून जास्त प्रकल्पांना आपोआप तयार केलेले पॅच पाठवले. हेतू चांगला होता. पण त्या पॅचमध्ये काय होतं ते वाचण्यासारखं आहे. एक छोटं फंक्शन: गंतव्य फोल्डरचा पूर्ण पाथ काढ, नोंदीचा पूर्ण पाथ काढ, दोघांचा समान आरंभ काढ, तो फोल्डरइतकाच असेल तर नोंद फोल्डरच्या आत आहे. समान आरंभ काढायला कॉमनप्रीफिक्स वापरलेलं. हे फंक्शन अक्षरं मोजतं, फोल्डर नाही. गंतव्य ‘/काम/आवक’ असेल आणि नोंद जाऊन पडणार असेल ‘/काम/आवक-जुनी’मध्ये, तरी समान आरंभ ‘/काम/आवक’ हाच येतो आणि नोंद पास. शिवाय पूर्ण पाथ काढणारं ॲबस्पाथ लिंक सोडवतच नाही, आणि सगळी तपासणी काढण्याच्या आधी. वरची ‘चित्रे’वाली जोडी यातून आरामात निघून जाते. हजारो प्रकल्पांत गेलेल्या दुरुस्तीतही टारचा अर्धाच आजार बरा झाला होता.

खरी दुरुस्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, पेत्र व्हिक्टोरिन यांनी लिहिलेल्या पेप ७०६ या पायथनमधल्या बदलाच्या प्रस्तावातून. त्यात एक्स्ट्रॅक्ट आणि एक्स्ट्रॅक्टऑलला ‘फिल्टर’ नावाचा नवा पर्याय मिळाला आणि तीन तयार फिल्टर. ‘फुली ट्रस्टेड’ म्हणजे पूर्वीसारखं, सगळं मान्य. ‘टार’ म्हणजे ग्नू टारसारखं: सुरुवातीचा ‘/’ काढायचा, फोल्डरबाहेर जाणारं नाकारायचं, सेटयूआयडीसारखे (चालवणाऱ्याला फाइलच्या मालकाचे अधिकार देणारे) धोकादायक परवानगीचे बिट पुसायचे. तिसरा ‘डेटा’, आणि रोजच्या कामाचा तोच. तो या सगळ्याबरोबर बाहेर बोट दाखवणाऱ्या लिंक नाकारतो, डिव्हाइस फाइल आणि पाइप नाकारतो, मालक आणि गटाची माहिती सरळ विसरतो. कोणीतरी पाठवलेल्या सीएसव्हीला मालक कोण असावा हे पाठवणाऱ्याने ठरवायचं कारणच काय?

प्रस्तावाचं खरं कसब वेळापत्रकात आहे. डिफॉल्ट एका रात्रीत बदलला असता तर प्रामाणिकपणे बॅकअप परत आणणाऱ्या स्क्रिप्ट मोडल्या असत्या. म्हणून ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ मध्ये, फिल्टर न देणाऱ्याला फक्त कुरकुर ऐकू येईल, म्हणजे डेप्रिकेशनचा इशारा, आणि दोन आवृत्त्यांनंतर ३.१४ मध्ये ‘डेटा’ हाच डिफॉल्ट. फिल्टरची सोय मात्र जून २०२३ च्या सुरक्षा आवृत्त्यांमधून जुन्या शाखांनाही दिली गेली: ३.११.४, ३.१०.१२, ३.९.१७, ३.८.१७. त्यामुळे आवृत्तीचा आकडा तपासण्यापेक्षा टारफाइलमध्ये डेटा-फिल्टर नावाचं फंक्शन आहे का हे विचारणं बरं. पायथनचे दस्तऐवजही तसंच सुचवतात. नसेल तर थांबायचं. ‘नसेल तर जुन्या पद्धतीने काढ’ अशी पळवाट मी कोडमध्ये पाहिलेली आहे, आणि ती लिहिणाऱ्याने मग फिल्टर लिहायचे कष्ट तरी का घेतले हे कळत नाही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. जून २०२५ मध्ये त्याच फिल्टरला वळसा घालणारे दोष जाहीर झाले, त्यातला सर्वांत गंभीर सीव्हीई-२०२५-४५१७, दहापैकी ९.४ तीव्रतेचा. त्याची युक्ती अशी होती की वाचून दाद द्यावीशी वाटते.

फिल्टर पाथ सोडवायला रिअलपाथ वापरतो. रिअलपाथ एकेक पायरी घेतं, ती लिंक आहे का विचारतं, असेल तर लक्ष्याकडे जातं. पण लिनक्समध्ये एका वेळी दिलेला पाथ ४,०९६ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. सोडवता सोडवता पाथ त्याहून लांब झाला की ‘ही लिंक आहे का’ या प्रश्नाला त्रुटी येते, आणि सैल पद्धतीत चालणारं रिअलपाथ म्हणायचं: नसेल लिंक, साधं नाव धरू. पुढचा सगळा हिशोब मग नुसत्या अक्षरांवर. हल्लेखोराने काय करायचं? सुमारे अडीचशे अक्षरांच्या नावाचे फोल्डर एकात एक, सोळाएक पातळ्या. प्रत्येक पातळीवर त्या लांबलचक फोल्डरकडे नेणारी एका अक्षराची सिमलिंक. आता ‘अ/आ/इ/ई’ असा बोटभर पाथ ऑपरेटिंग सिस्टिमला बिनबोभाट चालतो, कारण ती लिंक एकेक करून मागे जाते. रिअलपाथ मात्र त्या प्रत्येक अक्षराच्या जागी अडीचशे अक्षरं मांडत जातं आणि मर्यादेवर अडकतं. त्या टोकाला शेवटची लिंक ठेवायची, वर चढत बाहेर जाणारी. फिल्टरला ती आतली वाटते, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ती बाहेरची हे बरोबर कळतं. लिहिण्याचं काम कर्नल करतो.

३ जून २०२५ ला ३.१३.४ आणि तिच्याबरोबरच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. रिअलपाथला एक कडक पद्धत मिळाली: जागा अस्तित्वात नसेल तर चालेल, पण दुसरी कुठलीही त्रुटी आली तर गप्प बसायचं नाही, ओरडायचं. त्याच खेपेत दुसराही एक दोष निघाला. त्रुटीची पातळी शून्य ठेवली तर फिल्टरने नाकारलेली नोंद वगळायची असं दस्तऐवज सांगत होते, प्रत्यक्षात ती काढली जात होती. याचा सरळ अर्थ: ३.१२ वर फिल्टर लावून निर्धास्त बसलेल्यालाही ३.१२.११ घ्यावीच लागते.

इतकं सगळं पाहिल्यावर माझा पहिला प्रश्न फिल्टर कुठला हा नसतो. ही आर्काइव्ह डिस्कवर काढायची आहे तरी कशाला, हा असतो. आपल्याकडच्या डेटाच्या कामात बहुतेक वेळा आतल्या एका सीएसव्हीची किंवा काही एक्सएमएलची गरज असते. स्क्रिप्ट सगळं काढते, एक फाइल वाचते, मग फोल्डर पुसते, आणि मध्ये कुठे कोसळली तर पुसतही नाही. टारफाइलमध्ये एक्स्ट्रॅक्टफाइल नावाचं वेगळं फंक्शन पहिल्यापासून आहे. नावात एक्स्ट्रॅक्ट असलं तरी ते डिस्कवर काहीच लिहीत नाही. नोंदीचा मजकूर वाचता येईल असं फाइलसारखं ऑब्जेक्ट देतं. ते थेट सीएसव्ही वाचणाऱ्याला द्या. बाइट येतात, म्हणून मध्ये टेक्स्ट-आयओ-रॅपर लावून यूटीएफ-८ सांगावं लागतं, इतकंच. नोंद फोल्डरची असेल तर हातात ‘नन’, म्हणजे काहीच नाही, येतं, ते तपासायचं. नोंद लिंक असेल तर ते लक्ष्य आर्काइव्हच्या आतच शोधतं, सापडलं नाही तर की-एरर. डिस्कवरच्या पाथशी संबंधच नाही, त्यामुळे ‘..’ असो, ‘चित्रे’वाली जोडी असो की सोळा पातळ्यांची साखळी, सगळं निष्प्रभ.

झिपमध्ये हेच काम ओपन करतं आणि तिथे ते आणखी सुखाचं आहे. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, त्यामुळे हजार फाइलींतली एक थेट उचलता येते. टार-जीझेडमध्ये आधी टार होतं आणि मग अख्खा प्रवाह एकत्र दाबला जातो. मधली फाइल हवी तर तिच्या आधीचं सगळं उलगडत जावं लागतं. म्हणून नावं घेऊन एकेक मागत बसू नये. पुढेमागे उड्या मारल्या की जीझिपला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं आणि स्क्रिप्ट रांगायला लागते. लूप लावून नोंदी येतील त्या क्रमाने पाहाव्या, हवी ती आली की वाचावी, पुढे जावं. उभी रेघ असलेली प्रवाही पद्धत, म्हणजे मोडमध्ये ‘:’ऐवजी ‘|’, वापरली तर नेटवर्कवरून येणारी टारही डिस्कवर न उतरवता अशीच वाचता येते. तिथे मागे फिरायची सोयच नाही, त्यामुळे शिस्त आपोआप लागते. एक बारकावा: टारमध्ये एकच नाव दोनदा असू शकतं, कारण टेपवर नवी प्रत शेवटी जोडली जायची. नावाने मागितलं तर शेवटची मिळते, लूपमध्ये दोन्ही भेटतात. दोन भेटल्या तर काय करायचं हे आधी ठरवा.

याने एक धोका जात नाही. छोट्याशा फाइलमधून गिगाबाइट बाहेर पडू शकतात. झिप आणि जीझिप वापरतात ती डिफ्लेट पद्धत कमाल हजारपटीच्या थोडं वर दाबू शकते, म्हणजे १० एमबीच्या अपलोडमधून जवळपास १० जीबी. डेटा फिल्टरही याला अडवत नाही, आणि पेप ७०६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. हेडरमधला आकार आधी पाहावा, आणि वाचताना रीडच्या कंसात कमाल आकडा द्यावा. रिकामा कंस ठेवला की सगळं मेमरीत ओतलं जातं.

खरोखर काढायचंच असेल, समजा एखादं सॉफ्टवेअरचं पॅकेज आहे, तर फिल्टर ‘डेटा’ असं ३.१४ वरही लिहून टाकतो. डिफॉल्ट तोच असला तरी लिहितो, कारण हीच स्क्रिप्ट उद्या कोणाच्या तरी जुन्या सर्व्हरवर ३.९ खाली चालणार असते, आणि तिथे पर्याय न दिलेला एक्स्ट्रॅक्टऑल अजूनही २००७ सालीच राहतो.